गुडघेदुखीच्या औषधचाचणीत भाग घेतला : एका निवृत्त कंडक्टरचा रिव्ह्यू

गुण आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला खालपर्यंत यायला नको. सेवा म्हणून पाचापैकी साडेतीन. उपचार म्हणून गुणच देत नाही, कारण तो उपचार नव्हता. ज्याला गुडघा बरा करून घ्यायचाय त्याने सरळ ओपीडीचा केसपेपर काढावा. चाचणीत माणूस साक्ष द्यायला जातो. त्यात बरं वाटलं तर वरकड.

मी गुहागर तालुक्यातला, एसटीतला निवृत्त कंडक्टर. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. एक्स-रे बघून डॉक्टरांनी ग्रेड तीन सांगितला. हे ग्रेड शून्य ते चार असतात, १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ठरवलेले, अजून तेच चालतात. चिपळूणच्या एका खाजगी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे मी जात होतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथली माणसं वाईट नाहीत. तिथेच डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला चोळायच्या एका नव्या जेलचा अभ्यास चालू आहे. बारा आठवडे. निम्म्यांना औषध असलेलं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं पण बिनऔषधाचं. कुणाला कुठलं ते त्यांनाही कळणार नाही. येणार काय?

वाडीत हे कळल्यावर शेजारचा म्हणाला, "उंदीर संपले काय रे त्यांचे?" बायकोने तर दोन दिवस विषयच टाळला. मला मात्र नवल वाटलं. कोकणातल्या माणसाने तरी असं बोलू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचं जे काम केलं, ते कुणावर केलं? लाल विंचू चावून रात्री-अपरात्री आणलेल्या आपल्याच माणसांवर. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्ण होते. काहींना नुसतं प्राझोसिन, काहींना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषाची प्रतिलस. प्रतिलस मिळालेले लवकर सावरले. म्हणजे आज तालुक्याच्या दवाखान्यात विंचवावर जो इलाज होतो, त्याच्यामागे शेतातली, वीटभट्टीवरची, घर शाकारणारी माणसंच उभी आहेत. आम्ही उंदीर म्हणून हसायचं कुणाला?

आता संमतीपत्र. कुठल्याही चाचणीची परीक्षा इथेच होते, म्हणून यावर जास्त लिहितो. बरीच पानं होती. मराठी होतं, पण सरकारी परिपत्रकासारखं, एका वाक्यात चार क्रियापदं. मी वाचत होतो तेव्हा तिथली समन्वयक मुलगी समोर बसून राहिली. ती म्हणाली, "काका, आज सही नको. घरी न्या, काकूंना दाखवा, न कळेल त्याच्याखाली रेघ मारून आणा." या एका वाक्याला माझा पूर्ण एक गुण. जिथे सही आत्ताच करा, बाकीचं नंतर समजावतो असं म्हणतील तिथून चप्पल घालून बाहेर पडावं.

मी रेघा मारून नेल्या. पहिला प्रश्न, मध्येच सोडलं तर? कधीही सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही, आणि ओपीडीतले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. दुसरा, काही बरंवाईट झालं तर पैसे कोण भरणार? हा प्रश्न ऐकून तिने पान उघडून दाखवलं. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे, चाचणीत असताना इजा झाली तर लागेल तोवर वैद्यकीय उपचार फुकट करावे लागतात, ती इजा चाचणीमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत. आणि चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर वर नुकसानभरपाई. बिनऔषधाच्या जेलच्या गटात ठरलेला नेहमीचा उपचार दिला नाही म्हणून झालेली इजासुद्धा त्यात धरतात, हे मला माहीत नव्हतं. तिसरा प्रश्न, तुमच्यावर लक्ष कोण ठेवतं? एथिक्स कमिटी. त्यात किमान सात माणसं लागतात, निम्मी तरी बाहेरची, एक कायद्याचा जाणकार, एक बाई, आणि एक आपल्यासारखा साधा माणूस. कमिटीचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. मी घरी जाऊन तो लावून बघितला. उचलला. कंडक्टरला सवय असते, तिकीट खरं की खोटं ते आधी बघायचं.

सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. मागून घ्या. माझ्या दिवशी दापोलीकडची एक आजी होती, लिहिता-वाचता न येणारी. तिच्यासाठी चाचणीशी काही संबंध नसलेला माणूस बोलावला, त्याच्यासमोर सगळा कागद मोठ्याने वाचला, मग अंगठा. आजी मधेच म्हणाली, "बाबा, जरा दम घे, मी पण घेते." वेळ गेला, पण कुणी घाई केली नाही.

आणखी एक गोष्ट घरबसल्या तपासता येते. भारतात चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय, २००७ पासून. ती इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. २००९ च्या जूनपासून औषध नियंत्रकांच्या परवानगीच्या चाचण्यांना नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस भरती होण्याआधीच नोंद करावी लागते. क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. पुतण्याने मोबाइलवर आमची चाचणी काढून दिली. औषध कुठल्या कंपनीचं, किती माणसं घेणार, कुठल्या कुठल्या शहरांत चालू आहे, मुख्य मोजमाप काय, सगळं होतं. क्रमांक सांगायला का-कू करतील तर समजून जा.

मग आली सगळ्यांत अवघड पायरी. आधीची सगळी दुखण्याची औषधं बंद. शरीरातून जुनं औषध निघून जावं म्हणून थोडे दिवस मोकळे ठेवतात. माझ्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या गेल्या. (याच औषधाने गिधाडं संपवली. गुरांना ते द्यायचे, आणि ती गुरं मेली की गिधाडं खायची. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता आमच्याकडे गिधाड बघायचं तर नशीब लागतं.) गोळ्यांबरोबर तेलही गेलं, बाम गेला, निरगुडीच्या पाल्याचा शेक गेला, एरंडाचं पान बांधणं गेलं. बायको म्हणाली, "कोकमाचं मुठेलपण नको म्हणतात? त्याने कुणाचं काय वाकडं झालंय?" पण बरोबरच आहे. दोन्ही गोष्टी चोळल्या तर आराम कशाने पडला ते कसं कळणार? आमच्या गटातल्या एकाच्या पिशवीत बिननावाच्या गोळ्यांची पुडी निघाली, जत्रेत घेतलेली. डॉक्टर पहिल्यांदा तिथे गंभीर झाले. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दुखणं एका रात्रीत थांबतं आणि हाडं, साखर, रक्तदाब यांचा पुढे खेळखंडोबा होतो. त्याला चाचणीत घेतलं नाही, पण वेगळं बसवून बराच वेळ समजावलं.

ते मोकळे दिवस वाईट गेले. भातलावणीचा हंगाम, चिखलात पाय रुतणार, आणि हाताशी फक्त पॅरासिटामॉल. तेही ठरलेल्या मर्यादेत, रोज किती घेतल्या ते लिहायचं आणि रिकामी पाकिटं परत आणायची. दुखणं फारच वाढलं तर घ्यायची ही गोळी, आणि किती लागल्या हेही मोजमापच. कमी लागल्या तर जेल काहीतरी करतंय. लावणीची काळजी वाटत असेल तर मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर सुरू होणारी चाचणी बघा, हा माझा स्पष्ट सल्ला.

मुख्य काम वहीचं. रोज रात्री शून्य ते दहा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यांत भयंकर. सोपं वाटतं, पण नाही. माझा दहा ठरलेला आहे. तरुणपणी घर शाकारताना कौलाखाली इंगळी चावली होती, त्या रात्रीचा तो दहा. त्या हिशोबाने गुडघा कधी सातावर गेलाच नाही. शेजारी बसणारे एक मास्तर मात्र रोज नऊ लिहायचे. मी डॉक्टरांना विचारलं, मग मास्तरांचं जास्त धरणार काय? ते म्हणाले, तुमची तुलना तुमच्याशीच, सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा. मास्तरांची मास्तरांशी. आणि दुखतंय असं जो सांगतो त्याचं खरं मानायचं. वेदनेच्या अभ्यासाची जी जागतिक संघटना आहे तिने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, त्यातही हेच लिहिलंय म्हणे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आजवर घरात आणि दवाखान्यात "वय झालं, दुखणारच" याच्यापुढे कुणी गेलं नव्हतं. इथे कुणीतरी आकडा विचारत होतं आणि तो लिहून घेत होतं.

वही म्हणजे आमचं वेबिलच, कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद. टप्प्या-टप्प्याला भरायचं, शेवटच्या स्टॉपवर बसून आठवून भरायचं नाही. पण रुग्णालयाच्या बाकावर मी डोळ्यांनी बघितलं, दोन आठवड्यांचे आकडे एकाच पेनाने, एकाच झटक्यात भरणारे लोक. चार, पाच, चार, पाच. तपासणीसाने बसमध्ये पकडलं असतं. हे काही कोकणातलंच नाही. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी वह्या दिल्या, आणि वहीच्या फाइलमध्ये ती कधी उघडली हे टिपणारं यंत्र गुपचूप बसवलं. वह्यांवरून बघितलं तर नव्वद टक्के नोंदी वेळेवर. यंत्रावरून अकरा टक्के. समन्वयक मुलीला मी हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "म्हणून तर काका, पुढच्या अभ्यासात टॅबलेट देणारेत." म्हणजे गोळी नव्हे, ते स्क्रीनवालं.

गुडघ्याचे प्रश्न विचारायचा कागद वेगळा. डब्ल्यूओमॅक म्हणतात, परदेशात तयार झालेला, चोवीस प्रश्न : पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा हालचालीचे. मूळ कागदात आंघोळीच्या टबात उतरण्याचा प्रश्न आहे. आमच्या घरी टब कुठला, न्हाणीत दगड आहे. पण आमच्या कागदात तो बदलून उकिडवं बसण्याचा आणि मांडी घालण्याचा प्रश्न घातला होता. ज्याने हे केलं त्याला शाबासकी. गणपतीत आरतीला उभं राहता येतं, पण नैवेद्याच्या पानावर बसता येत नाही, खरी अडचण ती.

गणपतीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझी एक भेट नेमकी चतुर्थीच्या आसपास आली. हायवेला मुंबईची रांग, गाड्यांना मरणाची गर्दी, घरी पाहुणे. मी फोन केला. प्रत्येक भेटीला अलीकडे-पलीकडे थोड्या दिवसांची सूट असते, ती वापरून तारीख गौरी गेल्यावरची दिली. मग शृंगारतळी, मार्गताम्हाने करत निवांत गेलो. ही सूट असते हे आधीच विचारून ठेवा, आपणहून कुणी सांगत नाही.

जेलची ट्यूब पांढरी, तिच्यावर फक्त आकडे. प्रत्येक भेटीला ट्यूब परत न्यायची, तिथे ती इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून वजन करतात. किती चोळलं ते वजनावरून कळतं. म्हणजे भावाला थोडं दे, मेव्हणीला थोडं दे असलं चालत नाही. मागणारे पुष्कळ होते. एका बाईंच्या गुडघ्यावर लाल पुरळ आलं, ते लगेच नोंदवलं आणि त्यांना थांबवायचं की नाही यावर डॉक्टर बोलले. मला सर्दी झाली, दाढ दुखली, तेही लिहून घेतलं. मी म्हटलं, दाढेचा नि गुडघ्याच्या जेलचा काय संबंध? तेव्हा त्यांनी रोफेकॉक्सिबची गोष्ट सांगितली. सांधेदुखीची खूप खपणारी गोळी. आतड्यातल्या गाठी पुन्हा होतात काय हे बघणाऱ्या एका लांबच्या चाचणीत तिच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो हे उघड झालं, आणि २००४ साली कंपनीने ती जगभरातून काढून घेतली. दुखण्याची गोळी, चाचणी आतड्याची, धोका हृदयाचा. तेव्हापासून मी शिंक आली तरी लिहायला लागलो.

वाडीत पैज लागली होती, मला खरं जेल मिळालंय की खोटं. बायको वास घेऊन म्हणाली खरं, कारण गार लागतं. पण बिनऔषधाचंही गारच लागणार, तसंच बनवतात. माझा आकडा सहाच्या आसपास होता, शेवटी चारावर आला. म्हणून ते खरंच असं नाही. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. बिनऔषधाच्या डोसाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम पुसणारं नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे आराम पडेल या भरवशावर शरीर स्वतःच आतून वेदनाशामक सोडतं. ते खोटं दुखणं नव्हतं आणि खोटा आरामही नव्हता. म्हणून मला कुठलं जेल होतं याची मी आता पर्वा करत नाही. थोडी करतो.

तक्रारी. चाचणी गुडघ्याच्या रुग्णांची आणि विभाग वरच्या मजल्यावर. लिफ्ट बरेचदा बंद. मास्तर जिन्यात बसून म्हणायचे, हाच खरा प्रयोग. रक्त द्यायला उपाशी बोलवायचं आणि नळ्या आणणारा माणूस येईपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं, चहासुद्धा नाही, हे साखरेच्या माणसाला बरं नव्हे. प्रवासखर्च सगळ्यांना सारखाच. चिपळुणात राहणाऱ्याला तेवढाच आणि मला गुहागरहून येऊन तेवढाच. बहाद्दूरशेख नाक्यापासून रिक्षा केली तर ती आपल्या खिशातून. पैसे हातात यायलाही उशीर. पैशाच्या आशेने कुणी जाऊ नका हे वेगळं सांगायला नको, पण जे कबूल केलंय ते वेळेत द्यावं.

सगळ्यांत मोठी तक्रार शेवटाची. शेवटच्या भेटीला उरलेली ट्यूब घेतली, वही घेतली, आभार मानले आणि संपलं. निकाल कधी कळणार विचारलं तर सगळ्या शहरांतल्या सगळ्या माणसांची चाचणी संपेपर्यंत कुणाला कुठलं जेल होतं तो कोड उघडत नाहीत. हे मान्य. पण उघडल्यावर आम्हाला कुणी कळवणार काय, यावर नीट उत्तर नव्हतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाचा फायदा भाग घेणाऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे असं म्हटलंय. एक पोस्टकार्ड पुरे होतं. आजीला तर वाचून दाखवणाऱ्या माणसासकट पाठवायला हवं. मी सहीच्या आधी हा प्रश्न लेखी विचारायला हवा असं आता सगळ्यांना सांगतो.

फायदा काय झाला, तर फिजिओथेरपिस्टने दोन्ही गटांना सारखेच शिकवलेले मांडीचे व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायची. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या झिजेला यापेक्षा भरवशाचं आणि स्वस्त काही नाही, फक्त लोक करत नाहीत. मी करतो, सकाळी पेपर येईपर्यंत. रक्त, ईसीजी, लिव्हर, किडनी हे सगळं तपासून झालं त्यात माझा रक्तदाब वाढलेला सापडला, त्याची गोळी चालू झाली. याचं बिल कुणी मागितलं नाही.

कुणी जावं? ज्याला रोज रात्री खरा आकडा लिहायचा कंटाळा येत नाही, ज्याच्या घरून भेटीच्या दिवशी कुणीतरी सोबत येऊ शकतं, आणि ज्याला बिनऔषधाचं जेल मिळालं असलं तरी फसवलं असं वाटणार नाही. ज्याचं दुखणं झोप मोडतंय, ज्याला लगेच आराम हवाय, त्याने जाऊ नये. डॉक्टर स्वतःच अशांना परत पाठवत होते, ते मला आवडलं.

आता त्याच विभागात गुडघ्याच्या नसेला गरम सुईने बधिर करण्याचा अभ्यास येणार आहे म्हणे. समन्वयक मुलीचा फोन आला होता. मी म्हटलं, आधी कागद पाठव, लिफ्टचं काय ते सांग, आणि सीटीआरआयचा नंबर दे.

आणि हो, ते जेल कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं असं विचारायला कृपया कुणी घरी येऊ नका. ते अजून कुठेच मिळत नाही.